पेडल खाली गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

प्रश्न : गाडी अठरा वर्षं जुनी आहे. सिग्नलला क्लच दाबला तर पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्स उतरवून नवा क्लच टाकू. टाकू का?

उत्तर : थांबा. इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, म्हणजे क्लच प्लेट, झिजली की क्लच घसरतो, पेडल असं अचानक पडत नाही. ते निर्जीव झालं असेल तर बहुतेक वेळा पाय आणि क्लच यांना जोडणारं काहीतरी तुटलेलं किंवा गळलेलं असतं.

आधी बॉनेट उघडा. पेडलच्या मागून निघालेली जाड काळी वायर गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत जात असेल, तर तुमचा क्लच वायरचा. ही वायर एका झटक्यात क्वचितच तुटते. टोकाशी एकेक तार सुटत जाते आणि त्या दिवसांत पेडल जड, खरखरीत लागतं. आठवून पाहा, तसं काही जाणवत होतं का. काही गाड्यांत पेडलपाशी प्लास्टिकचा अ‍ॅडजस्टर असतो. त्याचे दाते गेले तरी हेच होतं. दोन्ही कामांत गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

वायर दिसली नाही, तर क्लच हायड्रॉलिक, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालणारा. फ्लुइडच्या बाटलीतली पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची बाटली एकच असते आणि क्लचची नळी वरच्या अंगाला जोडलेली असते. म्हणून फ्लुइड कमी झालं की आधी क्लच निकामी होतो, ब्रेकपुरतं खाली उरतं. त्या भरवशावर गाडी चालवत राहू नका, एवढंच. मग डॅशबोर्डखाली वाकून, पेडलचा दांडा जिथे आत शिरतो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडलने फ्लुइड ढकलणाऱ्या पंपाचं) सील गेलं. तिथे कोरडं असेल तर खाली गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरची (त्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरची) रबरी टोपी थोडी उचलून बघा. फ्लुइड ओघळलं तर चोर सापडला. पेडल चार-पाच वेळा पंप केल्यावर थोडा जोर परत येत असेल, तर आत हवा शिरली आहे किंवा सील फ्लुइड मागे सोडतंय.

अपवाद आहेत. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच असतो. कधी रिलीज फोर्क, म्हणजे क्लच सोडवणारा आतला दांडा, मोडतो. तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पण बाहेरचं सगळं तपासून झाल्यावर. माझ्या हातून एकदा उलटं झालंय. गिअर पडत नव्हते म्हणून गिअरबॉक्स खाली घेतला, तर प्लेट चांगली जाड. दोष पेडलच्या पिनेत होता. गोल भोक झिजून अंडाकृती झालं होतं आणि पेडलची निम्मी चाल तिथेच वाया जात होती.

प्रश्न : वायर वाटेतच तुटली तर गाडी घरापर्यंत आणता येते का?

उत्तर : येते, पण रस्ता मोकळा आणि सपाट असेल तरच. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका आणि स्टार्टर मारा. काही गाड्यांत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तिथे निकामी पेडलही दाबून धरा. गाडी झटका देत पुढे निघेल, त्यामुळे समोर भरपूर जागा हवी. वेग आला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गिअर न्यूट्रलला काढा, रेस उतरू द्या आणि दुसऱ्या गिअरकडे हलकेच ढकला. वेग जुळला की तो आपोआप आत ओढला जातो. कर्रर्र झालं तर जोर करू नका. थांबताना आधी न्यूट्रल, मग ब्रेक. दर वेळी स्टार्टरने ओढून निघायचं म्हणजे बॅटरीचा आणि स्टार्टरचा जीव काढणं. गर्दी किंवा घाट असेल तर सरळ टो करा.

प्रश्न : चढावर रेस वाढते, पण गाडी वेग घेत नाही. जळका वासही येतो.

उत्तर : हा मात्र खरा घसरणारा क्लच. तरी पेडलचा फ्री प्ले आधी बघा. पेडल बोटाने दाबलं तर सुरुवातीला थोडं ढिलं जायला हवं. किती, ते गाडीच्या पुस्तकात असतं. अजिबात ढिलं जात नसेल, तर वायर जास्त ताणलेली आहे आणि प्लेट पूर्ण बसतच नाही. अ‍ॅडजस्ट करून फरक पडला तर छानच. नाहीच पडला तर मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, पायाने ब्रेकही दाबा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट अजून पकडते आहे. चालूच राहिलं तर नवीन सेट घ्या. चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

प्रश्न : फक्त प्लेट बदलली तर चालेल का? प्रेशर प्लेट चांगली दिसते.

उत्तर : जुन्या गाडीत मी असं कधी करत नाही. मोठं काम गिअरबॉक्स उतरवण्याचं. ते झाल्यावर प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि क्लच सोडवताना प्रेशर प्लेटवर टेकणारं रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, नाहीतर चार महिन्यांनी बेअरिंगसाठी पुन्हा तेच. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीवर, निळे डाग किंवा चरे आहेत का, हे स्वतः उभं राहून बघा. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलभोवती तेल असेल तर सीलही आत्ताच बदला, कारण नव्या प्लेटला तेल लागलं की ती सुटताना थरथरते आणि घसरते. आणि तिथली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका. जुन्या प्लेट्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न : पेडल दाबलं की घरघर होते, सोडलं की थांबते. घाबरावं का?

उत्तर : रिलीज बेअरिंग. लगेच गाडी अडणार नाही, पण फार लांबवू नका. उलट असेल, म्हणजे दाबल्यावर आवाज थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग तपासायला सांगा.

प्रश्न : हायड्रॉलिक क्लचमध्ये कोणतं ऑइल घालू? घरी इंजिन ऑइल आहे.

उत्तर : थेंबभरही नको. इंजिन ऑइलने रबरी सील फुगतात, आणि बाटली एकच असेल तर क्लचबरोबर ब्रेकही जातो. झाकणावर जे लिहिलंय, बहुधा डॉट 3 किंवा डॉट 4, तेच सीलबंद डब्यातून घाला. हे फ्लुइड हवेतली आर्द्रता ओढून घेतं, म्हणून साधारण 2 वर्षांनी बदलायचं.

प्रश्न : गाडी पावसाळाभर उभी होती. आता इंजिन सुरू असताना एकही गिअर पडत नाही.

उत्तर : पेडल नेहमीसारखं लागत असेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असावी. इंजिन तापवून बंद करा. मोकळ्या जागी पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. गाडी हळूहळू पुढे जाऊ लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा-सोडा करा. बऱ्याचदा टक्‌ आवाज होऊन प्लेट सुटते. पाय ब्रेकवर न्यायची तयारी मात्र आधीपासून ठेवा.