लंडनला पहिल्यांदा जाताय?

ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, तिकिटासाठी रांगेत उभे राहू नका, कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, आणि स्टेशनात शिरताना जे टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. आत शिरताना कार्ड आणि बाहेर पडताना मोबाइल वापरलात, तर दोन अर्धवट प्रवास धरून जास्तीचं भाडं कापलं जातं. माझ्याकडून पहिल्याच दिवशी हे झालं होतं, म्हणून कळकळीनं सांगतेय. बसमध्ये मात्र फक्त चढताना टेकवा. रोख पैसे २०१४पासून घेतच नाहीत. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहा. ब्रिटिश म्युझियमचा कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही, तेव्हा एकाच दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको, दोनदा जा. आणि लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला चालतच जा, अगदी जवळ आहे.