आठवी ग्रेड, टीवायबीकॉम आणि बाबांची पाकिटं

प्रश्न : ताई, मी 20 वर्षांची, ठाण्याला नौपाड्यात राहते, टीवायबीकॉमला आहे. बाराव्या वर्षापासून चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं, बसून वाजवायचं मोठं वाद्य) वाजवते, यंदा पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांतली आठवी, म्हणजे शेवटची ग्रेड झाली. सर म्हणतात परदेशात शिकायला जा. बाबा म्हणतात आधी पदवी, मग बँकेच्या परीक्षा, चेलो छंद म्हणून ठेव. मला आत्ताच कॉलेज सोडून रोज आठ तास प्रॅक्टिस करायची आहे. ऑर्केस्ट्राचे जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांनीही मेडिकल सोडलंच होतं ना? बाबांना संगीतातलं काही कळत नाही. ते फक्त बुटांच्या खोक्यांतली, ओल शोषणारी सिलिकाची पाकिटं जमवून माझ्या चेलोच्या केसमध्ये टाकत असतात. मी लग्नांत वाजवते, ते सरांना माहीत नाही. महिनाभर डाव्या अंगठ्याचं मूळ दुखतंय, ते कुणालाच माहीत नाही. काय करू?

उत्तर : अगं, जे सगळ्यांत शेवटी, जाता जाता लिहिलंस, तेच आधी घेते. अंगठा. माझ्या ओळखीच्या एक बाई चेलो शिकवतात, त्यांना तुझं नावगाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, डावा अंगठा चेलोच्या मानेमागे, म्हणजे तारांखालच्या दांडीमागे, नुसता टेकलेला हवा. पुष्कळ मुलं चिमटा काढल्यासारखा दाबतात, आणि अवघड जागा आली की आणखीच. महिनाभर दुखतंय म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे जायचं, आणि सरांना या शनिवारीच सांगायचं. अशा हातानं आठ तास बसलीस तर चुकीची पकडच आठ तास पक्की होईल.

आता झुबिन मेहता. 1954 साली मेडिकल सोडून ते व्हिएन्नाला गेले, तेव्हा अठराचे होते, हे खरं. पण घरात वडील कोण होते? मेहली मेहता, स्वतः व्हायोलिनवादक, 1935 मध्ये मुंबईत ऑर्केस्ट्रा उभा करणारे. त्या घरात संगीत हा धंदा होता, तुझ्या घरात तो खर्च आहे. हे उदाहरण बाबांच्या तोंडावर फेकून काहीच सिद्ध होत नाही, उलट त्यांना आपण कमी पडलो असं वाटत असेल.

आठवी ग्रेड झाली, त्याबद्दल मनापासून शाबासकी. पण परदेशी संगीत महाविद्यालयाच्या दारात ती दहावी पास झाल्यासारखी आहे. तिथे प्रमाणपत्रापेक्षा कान ऐकतात : संगीतकार बाखच्या सूटमधल्या (एकट्या चेलोसाठीच्या रचनामालेतल्या) एक-दोन मूव्हमेंट म्हणजे तुकडे, एखादा एट्यूड म्हणजे सरावाची रचना, हायडन किंवा एल्गारच्या कॉन्चेर्टोचा (ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायच्या रचनेचा) एक भाग. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं, मग बोलावलं तर प्रत्यक्ष. थोर चेलोवादक पाब्लो कासाल्सला तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात बाखच्या सूट्सची प्रत सापडली. लोकांसमोर वाजवण्याआधी त्यानं त्या बारा वर्षं घोटल्या. तू बारा वर्षं थांब असं नाही म्हणत. पण टीवायचे उरलेले महिने म्हणजे आयुष्य वाया जाणं नव्हे.

शिवाय हिशेब बघ. ब्रिटनमधल्या बहुतेक संगीत महाविद्यालयांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. म्हणजे आज कॉलेज सोडलंस म्हणून उद्या कुठे दार उघडत नाही. जर्मनीत बऱ्याच सरकारी संगीत विद्यापीठांत फी नसल्यासारखीच असते (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना एका सत्राला 1500 युरो), पण जर्मन यावं लागतं आणि वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. जर्मनचा क्लास बी.कॉम. करता करता होतो.

त्या बाईंनी तुझं पत्र ऐकून एकच विचारलं, ‘हिला कुणी परक्यानं ऐकलंय का?’ आठ वर्षं एकच सर. सर चांगले असतील, पण त्यांना तू लाडकी आहेस. आई तर म्हणेलच छान. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे. वर्षाला दोन मोसम होतात, आणि वादक बरेचसे बाहेरचे येतात. तिथल्या एखाद्या चेलोवादकाकडे, रीतसर पैसे मोजून, एक तास माग. सरांना सांगून जा, चोरून नको. बाख वाजव आणि तीन गोष्टी विचार : माझ्यात काय आहे, काय नाही, आणि ते भरून यायला किती वर्षं. उत्तर वहीत लिहून घे, कारण घरी येईपर्यंत आपण त्यातलं गोड तेवढंच लक्षात ठेवतो.

लग्नांबद्दल मला अजिबात लाज वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस. बाहेर पाऊस, आत एसी, खुंट्या सैल पडून तारा उतरलेल्या, नवरी अर्धा तास उशिरा, आणि तरी सूर धरून ठेवायचा, हे कुठल्या ग्रेडमध्ये शिकवतात? मिळकतीचा आकडा मात्र आजपासून लिहून ठेव. भारतात चेलोवर पोट भरणारे बहुतेक जण थोडं शिकवतात, थोडं रेकॉर्डिंग, थोडे कार्यक्रम, असंच भरतात. पूर्ण पगाराच्या ऑर्केस्ट्रातल्या जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. हे बाबांना तुझ्या तोंडून कळू दे, गुगलवरून नको.

आणि बाबांना संगीतातलं कळत नाही म्हणतेस. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात, सांधे सुटू शकतात, हे ज्या माणसाला कुठून तरी कळलंय आणि जो त्यासाठी दुकानातल्या रिकाम्या खोक्यांत हात घालतो, त्याला चेलोतलं बरंच कळतं. भीती त्यांना पैशांची आहे. तुझ्या पत्रात ‘छंद’ हा शब्द त्यांचा आहे, पण किती खर्च येईल हे तूही त्यांना एकदाही सांगितलेलं दिसत नाही.

तेव्हा त्या परक्या वादकाकडे जाशील तेव्हा बाबांना बरोबर ने. ठाण्याहून लगेजच्या डब्यात चेलो उभा धरायला दुसरा माणूस लागतोच. आत त्यांना बसू दे, वही त्यांच्याच हातात दे. तीन उत्तरं ते लिहून घेतील.