समुद्रतळाच्या केबलवरचा डेटा पहिल्यांदा उघडताना

समुद्रतळावरच्या केबलला जोडलेल्या उपकरणांचा डेटा देणाऱ्या पोर्टलवर एवढी उपकरणं दिसली की सगळंच उतरवून घ्यावंसं वाटतं. तसं करू नका. एक ठिकाण, एक उपकरण, एक महिना. मी तर तळाचा दाबमापकच सुचवेन: वरचं पाणी जितकं उंच, तितका दाब जास्त. कॅनडाच्या नेपच्यून या समुद्रतळावरच्या केबल-जाळ्याचा (सुमारे 800 किमी केबल, 2009 पासून सुरू) डेटा मोफत मिळतो. त्यातलं बार्कली कॅन्यन (समुद्राखालची दरी) हे ठिकाण घ्या.

आलेख काढलात की भरती-ओहोटी लगेच दिसेल: दिवसात दोन चढ, दोन उतार, आणि दोन्ही चढ सारख्या उंचीचे नसतात. हे डोळ्यांत बसू द्या. अमेरिकेच्या केबलवरचा ॲक्सिअल सीमाउंट ज्वालामुखी एप्रिल 2015 मध्ये जागा झाला, तेव्हा तळ 2 मीटरहून जास्त खचला. तेही दाबाच्या नोंदींतच टिपलं गेलं. किती सुंदर गोष्ट आहे ही!

नवखे हमखास इथे चुकतात:

- वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते. स्थानिक वेळ समजून भरतीशी ताडू नका.
- प्रत्येक नोंदीला गुणवत्तेचा फ्लॅग (नोंद किती विश्वासार्ह ते सांगणारी खूण) असतो. तो आधी वाचा.
- आलेखात अचानक पायरी दिसली की भूकंप म्हणून उड्या मारू नका. बहुतेकदा रोबो पाणबुडीने उपकरण बदललेलं असतं. देखभालीची नोंद उघडा. ऑक्सिजनचा आकडा महिनोन्‌महिने हळूहळू सरकत असेल, तर सेन्सरवर जीव वाढले असतील अशी शंका घ्या.

हायड्रोफोनचं (पाण्याखालच्या मायक्रोफोनचं) ध्वनिविश्लेषण नंतर. पहिला आलेख जमला की दाखवा, मी आवर्जून बघेन.