रोजा सोडायची घाई आणि जेवायची घाई

वयाने तुझ्या वडिलांएवढा असेन, म्हणून एकेरीत लिहितोय. तू लिहिलंयस की यंदा पहिल्यांदाच महिनाभराचे रोजे धरलेस, दिवस निभावून जातो, पण इफ्तारनंतर पोटात दगड बसतो आणि तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजाला, आठव्या रकातीपासून (नमाजाच्या आठव्या फेरीपासून) डोळे मिटायला लागतात. कुठल्याशा व्हिडिओत ‘माइंडफुल ईटिंग’ म्हणून प्रत्येक घास 32 वेळा चावायला सांगितलं होतं, तेही जमलं नाही.

जमणारच नाही रे. 13-14 तासांच्या उपाशी माणसापुढे गरम कांदाभजी ठेवून त्याला घास मोजायला लावणं हा छळ आहे. मी हे करून पाहिलंय, सातव्या आकड्याला भजी संपलेली असते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा घोळ एका गोष्टीत होतो. रोजा सोडायला उशीर करू नये, जोवर लोक इफ्तारला घाई करतात तोवर त्यांचं भलं आहे, अशी हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचं वचन, लहानपणापासून कानावर असते. ती घाई वेळेची आहे. सूर्य मावळला की लगेच रोजा सोडायचा, उगाच ताणायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. आपण मात्र ती घाई ताटावर काढतो.

पैगंबरसाहेबांची पद्धत बघ. ताजी खजूर, ती नसेल तर सुकी, तीही नसेल तर पाण्याचे काही घोट, आणि हे सगळं मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजाआधी. जेवण नव्हे, फक्त रोजा सोडणं. त्या वेळी म्हणायची एक दुआ अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात आहे: तहान गेली, शिरा ओल्या झाल्या, आणि अल्लाहने चाहलं तर सवाब (पुण्य) पक्का झाला. ‘शिरा ओल्या झाल्या’ हे शब्द मला फार आवडतात. पाणी गटागटा ढोसलं तर ते कळतच नाही. बसून, तीन दमात पी, मग घशातून खाली उतरत जाणारा थंडावा जाणवतो. तुझ्या व्हिडिओवाल्याला जे हवंय ते हेच, फक्त त्याला आकडे मोजायची गरज नाही.

तर आमच्या घरी काय चालतं ते सांगतो. तीन खजुरा, एक पेला साधं पाणी, कलिंगडाच्या दोन फोडी. लाल सरबत नाही, खजुरीची साखर तेवढ्या वेळेला पुरते. मग उठायचं आणि नमाजला जायचं. मशिदीत रमजानमध्ये अजान आणि जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, यांच्यात पाच-दहा मिनिटं मोकळी ठेवतात, ती एवढ्यासाठीच. लोक त्या वेळात समोशांची दुसरी प्लेट उरकतात हा भाग वेगळा. भरल्या पोटाने सजद्यात, कपाळ जमिनीला टेकवायला, गेलास की काय होतं ते तुला माहीत असेलच. जेवण वाढलेलं असेल तर आधी जेवा अशीही हदीस आहे, कोणीतरी ती तुला ऐकवेल. ज्याचं लक्ष नमाजात लागणार नाही त्याच्यासाठी ती सवलत आहे. खजूर-पाण्याने पोटाची आग शांत झाली की मन लागतं, असा माझा तरी अनुभव आहे.

पोट भरल्याची खबर डोक्यापर्यंत पोहोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. जाऊन-येऊन नमाजला तेवढा वेळ जातोच. परत आलास की तुझी तुलाच गंमत वाटेल: ज्या ताटावर मघाशी तुटून पडणार होतास, त्यातलं निम्मं नकोसं वाटतं. मग जेव. सुरुवात पातळ आणि गरम पदार्थाने कर. आमच्या कोकणातल्या घरात आई पेज द्यायची. तमिळनाडूत मशिदींमध्ये नोंबू कंजी ही पेजच वाटतात, मोरोक्कोत हरीरा नावाचं मसूर-चण्याचं सूप असतं. एकमेकांना न विचारता सगळे त्याच भांड्यापाशी आले, यात काहीतरी शहाणपण असणार. त्यानंतर भाकरी, माशाचं कालवण, नेहमीचं जेवण. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही तिर्मिजीच्या हदीस-संग्रहातली हदीस सगळ्यांना पाठ आहे. तो तिसरा भाग रिकामा ठेवलास तरच 20 रकाती उभं राहता येतं.

आता जरा कडू बोलतो. सावकाश, मन लावून रोजा सोडा हे आम्हा पुरुषांना सांगणं सोपं आहे. कित्येक वर्षं आमच्या घरात अजान व्हायची तेव्हा माझी बायको कढईपुढे असायची. ओट्याशी उभ्यानेच एक खजूर तोंडात टाकायची आणि पुढचा घाणा सोडायची. तिचाही रोजाच असायचा! एकदा मुलीने विचारलं, अम्मी आपल्यासोबत का बसत नाही? उत्तर नव्हतं. तेव्हापासून अजानच्या 15 मिनिटं आधी गॅस बंद. जे तयार असेल ते दस्तरखानवर, आणि सगळे बसलेले. ती वेळ दुआ कबूल होण्याची मानतात, आणि आम्ही तिला ती तळणात घालवायला लावत होतो. तळण आता फक्त रविवारी होतं, तेही मी करतो, म्हणून बेताचंच होतं. तुझ्या घरी कढईपुढे कोण असतं ते आज बघ, आणि उद्यापासून फळं तू चीर.

साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर माझं ऐकू नकोस, आधी डॉक्टरांशी बोल. आजारी माणसाला रोजातून सवलत कुराणातच दिलेली आहे.

राहिली तुझ्या मित्रांची शनिवारची मुंबईच्या मोहम्मद अली रोडची टूम. जा की! पण घरी रोजा सोडून, तरावीह उरकून जा. मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत उशिरापर्यंत जाग असते. फिरनी मातीच्या वाटीतली, एकाला एक चालेल. मालपुवा चौघांत एक. आम्ही तुझ्या वयात पैज लावून एकेकाने एकेक संपवला होता, आणि त्या रात्री चौघांपैकी एकही सहेरीला, रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, उठला नव्हता.