वाइनमेकर म्हणून परदेशी जाऊन पुढे स्वतःची वाइनरी काढू इच्छिणाऱ्यास

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेतला: तुम्ही एका वाइनरीत सहाय्यक वाइनमेकर आहात, परदेशात काही वर्षे हंगामी कामे करून कुठेतरी स्थिरावण्याचा आणि त्यानंतर स्वतःची छोटी वाइनरी काढण्याचा तुमचा बेत आहे, सोबत पत्नी आणि सहा वर्षांचा मुलगा येणार आहे, आणि हे कितपत जमते व मुलाच्या शाळेचे काय होते, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. उत्तर द्यायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली, कारण पहिल्या भागाचे उत्तर माझ्याजवळ आहे आणि दुसऱ्याचे आमच्या घरात अजून लागलेले नाही.

व्हिसाचे प्रकार, गुणांची मोजणी, भाषेची परीक्षा हे सगळे सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेले आहे. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. मी दक्षिण ऑस्ट्रेलियातून लिहितो आहे. त्याआधी न्यूझीलंडमधील मार्लबरो, कॅलिफोर्निया आणि फ्रान्समधील लांगदॉक अशी माझी भटकंती झाली, आणि शेवटी इथे स्वतःच्या वाइनचे लेबल निघाले.

दक्षिण गोलार्धात द्राक्षे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उतरतात, तर उत्तरेकडे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. त्यामुळे वर्षातून दोन हंगाम करता येतात आणि एका जागी राहणाऱ्याला दोन वर्षांत जे शिकायला मिळते ते एका वर्षात शिकता येते. या व्यवसायातील भटकंतीचा खरा मोह एवढाच आहे, आणि तो खोटा नाही. मात्र प्रत्येक देशात तुमचा हुद्दा शून्यापासून सुरू होतो, हे कोणी आधी सांगत नाही. मायदेशी तुम्ही मिश्रण ठरवत असाल, पिंपांची निवड करत असाल. नव्या देशात पहिल्या हंगामात तुमच्या हाती पाण्याचा पाइप दिला जातो. बोर्डो, मोंपेलिए, डेव्हिस, गाइझेनहाइम किंवा अॅडलेड येथील वाइननिर्मितीची पदवी जरूर घ्या, तिने दारे उघडतात. पण ऑस्ट्रेलियातील माझ्या पहिल्या मुलाखतीत पदवीच्या आधी फोर्कलिफ्टचा परवाना विचारला गेला होता, हेही लक्षात असू द्या.

काम कसे असते, याची एक बाजू सांगतो. रेड वाइनची टाकी रिकामी झाली की तळाशी सालींचा चोथा उरतो आणि तो टाकीच्या खालच्या दारातून फावड्याने ओढून काढावा लागतो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो; म्हणून आधी वायूचा मीटर आत सोडायचा, आकडा पाहायचा, आणि दाराबाहेर दुसरा माणूस उभा राहिल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, मग पहाटेचे तीन वाजलेले असोत आणि पुढचा ट्रक फाटकाशी उभा असो. आत चोथा गुडघ्यापर्यंत असतो, कोमट असतो आणि अल्कोहोलच्या वाफेने डोळे चुरचुरतात. चाळिशीच्या जवळ पोहोचल्यावर, हाताखाली माणसे सांभाळून आल्यावर, विशीतल्या मुलांबरोबर हे करण्याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. मला त्या कामाची लाज कधी वाटली नाही. पण घरच्यांना फोनवर सांगताना ‘वाइनमेकर’ या हुद्द्यापलीकडे मी काही सांगत नसे, हेही खरे.

कागदपत्रांचा माझा राग अजून शमलेला नाही, तेव्हा तो इथे थोडा सोसून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी आमच्या कौशल्याचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला सलग आणि पूर्णवेळ नोकरीचे दाखले हवे होते. हंगामी माणसाजवळ सलग असे काहीच नसते. तीन महिने इथे, अडीच महिने तिथे, मध्ये कुठे तरी बाटलीबंदीचे काम. लांगदॉकमधील माझ्या वयोवृद्ध मालकाने दाखला स्वतःच्या हाताने, सुंदर अक्षरात लिहून दिला होता आणि त्यात मी कोणती टाकी कशी सांभाळली याचेही वर्णन होते. त्यावर छापील शीर्षक नाही म्हणून तो परत आला. नंतर त्यांच्या हिशेबनिसाने दोन ओळींचा छापील कागद पाठवला, त्यात आठवड्याचे कायदेशीर ३५ तास लिहिले होते (प्रत्यक्षात किती भरत, हे न विचारलेले बरे), आणि त्या निर्जीव कागदावर माझे काम झाले. शिवाय गेल्या १० वर्षांत एकूण १२ महिने किंवा अधिक काळ जिथे राहिलात त्या प्रत्येक देशातून पोलिसांचे प्रमाणपत्र लागते, आणि हे महिने तुकड्यातुकड्यांनी राहिलात तरी बेरजेने मोजले जातात. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रवेश आणि निर्गमनाची तारीख, प्रत्येक वेतनपत्रक आणि प्रत्येक मालकाचा छापील दाखला हंगाम संपण्याच्या आत हातात घ्या. एकदा का वाइनरीतली माणसे बदलली की तुम्ही तिथे होता हे आठवणारे कोणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट: मालकाने प्रायोजित केलेल्या व्हिसावर असताना सहसा त्या मालकाखेरीज कोणासाठी, अगदी स्वतःसाठीही, काम करता येत नाही. म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळेपर्यंत तुमचे लेबल कागदावरच राहणार. २०२४ पासून भारतीय तरुणांना ऑस्ट्रेलियात सोडतीने ‘वर्क अँड हॉलिडे’ म्हणजे सुट्टीसोबत कामाचा व्हिसा मिळू लागला आहे. पण त्यात अवलंबून असलेली मुले सोबत आणता येत नाहीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो मार्ग बंद समजा.

आता शाळा. ऑस्ट्रेलियात शाळेचे वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होते आणि द्राक्षांचा हंगाम त्याच्या मागोमाग. फ्रान्समध्ये शाळा सप्टेंबरच्या आरंभी उघडते, तेव्हा तिथली तोडणी सुरू झालेली असते. कॅलिफोर्नियात ऑगस्टमध्ये, तेव्हाही तेच. पृथ्वीच्या कोणत्याही अर्ध्या भागात राहा, मुलाला नवा वर्ग, नवी शिक्षिका आणि नवे मित्र मिळतात त्याच आठवड्यांत वाइनमेकर घरात नसतो. हे मला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले गेले नाही आणि मी कोणाकडून ऐकलेही नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

आमची मुलगी फ्रान्समध्ये सप्टेंबरात सुरू झालेली इयत्ता अर्धी सोडून जानेवारीत इकडे आली. अर्धे वर्ष पुढे ढकलायचे की मागे ओढायचे, हा प्रश्न होता. शाळेने आम्हाला न विचारता मागे ओढले. प्रवेशाच्या अर्जावर घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेसमोर आम्ही मराठी लिहिले होते, तेवढे पाहून तिला इंग्रजी कच्चे असलेल्या मुलांच्या खास तासाला बसवण्यात आले. तिची पहिली शाळा न्यूझीलंडमधली होती आणि ती इंग्रजीतच भांडत असे. पण तिच्याशी पाच मिनिटे बोलून पाहावे, असे कोणाला वाटले नाही. तो खास तास गणिताच्या वेळेत असे. पुढे गणितात ती मागे आहे, असा शेरा त्याच शाळेने दिला. पत्नी दोन-चार वेळा जाऊन बोलली, तिला हसून चहा विचारला गेला, आणि काही बदलले नाही. मार्चमध्ये पालकांची भेट होती. शिराझ जातीची द्राक्षे एकदम पिकून आली होती, मी गेलो नाही, आणि मुलीच्या अहवालात वडिलांचा सहभाग दिसत नाही असे एक वाक्य आले. शाळेपासून वीस मिनिटांच्या अंतरावर मी टाकीशी उभा होतो. त्या वाक्यावर काय करायला हवे होते, हे मला अजूनही कळलेले नाही. आता ती विद्यापीठात आहे, मजेत आहे आणि वाइनविषयी तिला काडीचेही कुतूहल नाही. हे शाळेमुळे झाले, देश बदलल्यामुळे झाले की हंगामामुळे, यावर पत्नीचे आणि माझे आजतागायत एकमत झालेले नाही.

तुम्ही एकटेपणाबद्दलही विचारले आहे. हंगामात त्याला वेळ नसतो आणि हंगामाबाहेर त्याची सवय होते. तुमच्या पत्नीला काय वाटेल ते मात्र तुम्ही ठरवू नका. तिला विचारा, आणि शक्यतो तिचे काम आधी ठरू द्या, मग तुमचे.

स्वतःच्या वाइनरीविषयी बोलायचे तर मनातून इमारत काढून टाका. केविन जड यांचे उदाहरण पाहा. जन्म इंग्लंडचा, शिक्षण ऑस्ट्रेलियातले, १९८५ मध्ये ते मार्लबरोतील क्लाउडी बे या वाइनरीचे पहिले वाइनमेकर झाले आणि २५ हंगाम तिथे काढून २००९ मध्ये त्यांनी ग्रेवॅकी हे स्वतःचे लेबल सुरू केले. एवढ्या नावलौकिकाच्या माणसानेही इमारत बांधली नाही; जुन्या सहकाऱ्यांच्या डॉग पॉइंट वाइनरीत जागा घेऊन वाइन केली. माइक ग्रगिच यांची कथा तुम्हाला ठाऊक असेल: क्रोएशियातून निघून जर्मनी आणि कॅनडामार्गे १९५८ मध्ये ते कॅलिफोर्नियातील नापाला पोहोचले, दुसऱ्यांच्या वाइनरींत राबले, आणि तिथल्या शातो माँतेलेना वाइनरीसाठी त्यांनी केलेली १९७३ ची शार्दने ही पांढरी वाइन मे १९७६ मध्ये पॅरिसला वाइन चाखण्याच्या चाचणीत फ्रेंच वाइन्सच्या पुढे गेली. स्वतःची वाइनरी त्यांना १९७७ मध्ये काढता आली, तीही ऑस्टिन हिल्स यांच्या भागीदारीत. पॅरिसचा विजय लोक सांगतात. त्याच्या मागची १८-१९ वर्षांची नोकरी आणि त्यानंतरचा भागीदार कोणी सांगत नाही, आणि परक्या देशात जमीन नसलेल्या वाइनमेकरला नेमके हेच दोन भाग उपयोगाचे आहेत.

हिशेब असा मांडा. एक टन द्राक्षांतून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन निघते, म्हणजे साधारण आठशे ते सव्वानऊशे बाटल्या. २२५ लिटरच्या पिंपात ३०० बाटल्यांचा माल मावतो आणि नवे फ्रेंच पिंप हजार डॉलरांच्या वर जाते, म्हणून सुरुवातीला जुनी पिंपे घ्या. रेड वाइन वर्ष-दीड वर्ष पिंपात, मग काही महिने बाटलीत. म्हणजे या हंगामात द्राक्षांना दिलेला पैसा दोन वर्षे तरी परत येत नाही, आणि मधल्या काळात आणखी दोन हंगामांची द्राक्षे घ्यावी लागतात. ऑस्ट्रेलियात घाऊक किमतीवर २९ टक्के वाइन कर आहे. लहान उत्पादकाला तो मर्यादेपर्यंत परत मिळतो, पण त्यासाठी किमान ८५ टक्के द्राक्षे चिरडण्याआधीपासून तुमच्या मालकीची असावी लागतात. तयार वाइन टाकीतून घेऊन तिच्यावर लेबल चिकटवण्याचा सोपा मार्ग त्यामुळे महागात पडतो. द्राक्षे तोलकाट्यावरच तुमच्या नावाने येतील, असा करार करा.

याचा अर्थ तुमचे खरे भांडवल म्हणजे बागायतदाराशी असलेले संबंध. दक्षिण ऑस्ट्रेलियात फायलोक्सेरा हा वेलींची मुळे खाणारा कीटक अजून शिरलेला नाही, इथल्या बरोसा खोऱ्यात एकोणिसाव्या शतकातल्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, आणि म्हणून काही बागांच्या फाटकाशी क्लोरीनच्या द्रावणाचा ट्रे ठेवलेला असतो, ज्यात बूट घालून मिनिटभर उभे राहावे लागते. तो ट्रे ओलांडून बागेत सरळ शिरणाऱ्या वाइनमेकरला पुढच्या वर्षी द्राक्षे मिळत नाहीत. छाटणीच्या दिवसांत जा, फुलोऱ्यात जा, जेव्हा विकत घेण्यासारखे काही नसते तेव्हा जा.

आपत्तीही धरून चाला. डिसेंबर २०१९ मध्ये अॅडलेड हिल्समध्ये कडली क्रीकची आग लागली तेव्हा आमची ठरवलेली बाग जळाली नव्हती, पण धूर तिच्यावरून गेला होता. धुरातले ग्वायकोल नावाचे रसायन द्राक्षात साखरेला बांधले जाते. मणी चावून कळत नाही, आंबल्यावर ते सुटते आणि राखेची चव जिभेवर मागाहून येते. म्हणून तोडणीआधी थोडे घड आणून बादलीत आंबवून पाहिले, चाखले, आणि बागायतदाराकडे न बघता नको म्हणालो. तो काहीच बोलला नाही, आणि पुढच्या वर्षी त्याने मला आधी फोन केला. त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये चीनने ऑस्ट्रेलियन बाटलीबंद वाइनवर आयात शुल्क लावले, ते पुढे २१८ टक्क्यांपर्यंत गेले आणि मार्च २०२४ अखेर उठले. त्या काळात लाल द्राक्षे स्वस्त झाली म्हणून नव्यांना आनंद झाला. पण सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या होत्या, भाड्याने टाकी मिळेना आणि वितरक नव्या लेबलकडे बघेनात.

तेव्हा जमते का, तर जमते. तुमच्या मनात जी मुदत असेल तिच्यापेक्षा पाच-सात वर्षे जास्त धरा. मुलाला नेण्याचे वय कोणते, हे मला विचारू नका. एवढेच सांगतो की पहिल्या हंगामाला एकटे जा आणि ते दोघे शाळेचे वर्ष पुरे करून मग येऊ देत. दक्षिणेतल्या हंगामासाठी अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरातच पाठवा, नाताळपर्यंत जागा भरतात. करारावर सही करण्याआधी राहण्याची जागा, रात्रपाळीचा दर आणि हंगाम संपल्यावर किती दिवसांत छापील दाखला मिळेल, या तीन गोष्टी लेखी मागा. आणखी काही विचारायचे असेल तर जानेवारीपूर्वी विचारा, नाहीतर उत्तर मे महिन्यात मिळेल.