एमबीबीएसची वॉर्डातली पोस्टिंग सुरू होतेय? आधी एवढीच पुस्तकं घे

मेडिसिनचं जाडजूड हॅरिसन विकत घ्यायला निघालास म्हणून घाईने लिहितेय. थांब जरा. ते दोन खंडांचं धूड लायब्ररीत आहेच. अडलं की तिथेच उघड.

आत्ता हवं ते पेशंट तपासायला शिकवणारं पुस्तक. मेडिसिनला हचिसन, सर्जरीला एस. दास यांचं क्लिनिकल मॅन्युअल. कळव्याच्या हॉस्पिटलात वॉर्डमध्ये आजोबा नुसतं 'धाप लागते' म्हणतात. कधीपासून? जिना चढताना की आडवं झाल्यावर? रात्री उठून बसावं लागतं का? पाय सुजतात का? हे प्रश्न पेशंटजवळून उठायच्या आधी सुचायला हवेत. त्या दिवशी पाहिलेली केस त्याच संध्याकाळी वाच, चार पानं का असेनात.

नवीन मुलं हमखास चुकतात ते इथे:

- एका विषयाला तीन पुस्तकं. एकही पुरं होत नाही.
- सरसकट जुनी आवृत्ती. तपासणीच्या पुस्तकाला एखादी मागची चालून जाते, पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या, पार्कच्या पुस्तकाला नाही. लसीकरणाचं वेळापत्रक, राष्ट्रीय कार्यक्रम बदलत राहतात.
- फक्त सीनियरच्या नोट्स. उजळणीला ठीक, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, 'का?' विचारलं की दातखीळ बसते.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आत्ताच चाळून ठेव. पीजी प्रवेशपरीक्षेच्या एमसीक्यू ॲपचं मात्र सध्या राहू दे, सगळे घेतायत म्हणून तूही घेशील! ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत जाड पुस्तक उघडता येत नाही. केस लिहिलेली खिशातली वही पुरते.