भाकरी कुठं थापायची ते आधी ठरवा
(वाचकांचे प्रश्न, घराच्या आतल्या कामाबद्दल)

प्रश्न : ताई, नांदेडला आमचं रो हाऊस नुकतंच बांधून झालं, आतल्या कामासाठी पाच लाख बाजूला काढलेत. डिझायनरनं थ्रीडी चित्रं दाखवली, हॉलला फॉल्स सीलिंग, भिंतभर टीव्ही युनिट, किचनमधे ब्रेकफास्ट काउंटर. दिसायला भारी आहे. पण आमच्या सासूबाई खाली बसूनच जेवतात, भाकरी दोन्ही टाईम होते, वर्षाची ज्वारी भरून ठेवतो आणि गावाकडचं कुणी ना कुणी दवाखान्याच्या निमित्तानं मुक्कामाला असतंच. काय ठेवू, काय काढू?

उत्तर : चित्रात सगळं आहे हो, फक्त परात कुठं ठेवायची तेवढं नाही! ब्रेकफास्ट काउंटर आधी काढून टाका. सासूबाई काय त्या उंच स्टुलावर चढणार नाहीत, त्याच्यावर भाजीच्या पिशव्या आणि लाईट बिलं पडून राहतील. तेवढीच जागा मोकळी सोडली तर चार-पाच माणसांची पंगत बसते.

आता ओटा. किचनवाले सगळ्यांना एकाच मापाचा करून देतात, तुम्ही तसं करू देऊ नका. सरळ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. भाजी चिरायला ओटा कोपराच्या चारेक इंच खाली असला की पुरे, पण भाकरी थापताना तळहाताचा जोर वरून द्यावा लागतो, त्याला अजून दोन-तीन इंच खाली पाहिजे, नाहीतर खांदे वर उचलून थापत बसायचं आणि संध्याकाळी मान धरली म्हणून बाम चोळायचा. शेगडीचं पण तसंच, तिच्या उंचीनं तवा वर जातो. म्हणून शेगडी आणि तिच्या शेजारचा थापायचा तुकडा असा सगळा भाग थोडा खाली घ्या, सिंककडचा भाग वर राहू द्या, कारण सिंकमधे हात तळापर्यंत घालावा लागतो आणि तिथं वाकून कंबर जाते. थापायची जागा शेगडीला लागूनच हवी, मधे मिक्सर-बिक्सर नको, कारण थापलेली भाकरी हातावर घेऊन कुणी दोन पावलं चालत नाही. आणि गुळगुळीत ग्रॅनाइटवर परात सरकते, खाली ओलं फडकं घालावं लागतं, ते वाळत घालायला तिथंच एक छोटी दांडी ठोकून घ्या. कुठल्याच कॅटलॉगमधे ती दांडी दिसणार नाही.

दगडाचा रंग निवडताना तुमच्याकडं पाणी कुठलं येतं ते बघा. बोअरचं जड पाणी असेल तर काळ्या चकचकीत ग्रॅनाइटवर क्षाराचे पांढरे डाग दिवसभर दिसतात, फिकट ठिपक्यांचा घ्या. शेजारीण सांगेल लिंबू चोळ म्हणून, तर कडप्प्याला आणि शहाबादी फरशीला ते अजिबात लावू नका. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आंबट लागलं की पॉलिश खाऊन टाकतं. सिंकखालच्या पेटीला पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ नको, एकदा पाणी गळलं की फुगतो आणि मग फुगलेलाच राहतो. तिथं आयएस ७१० चा (म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का असलेला प्लायच मागा, शिक्का स्वतः बघा, बाकी कपाटांना साधा चालेल.

ज्वारीची कोठी किचनमधे नको, तिथली वाफ तिला चालत नाही. जिन्याखाली ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब आणि खाली विटा किंवा स्टँड. कडक ऊन दाखवलेली ज्वारी गार होऊ द्या, मगच भरा, गरम भरली की कोठीत आतून घाम धरते.

टीव्ही युनिटच्या जागी एक साधी फळी पुरते. उरलेल्या पैशात हॉलला दोन दिवाण करा, आत गाद्या-गोधड्या, पण झाकण वर उचलायचं नको, समोरून ओढायचे ड्रॉवर, नाहीतर दर वेळी झोपलेल्या पाहुण्याला उठवून चादर काढावी लागते. आणि तुमच्याकडं माणसं दवाखान्यासाठीच येतात ना, मग खालच्या बाथरूममधे कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा टाइल्स बसायच्या आधीच पक्का करून घ्या. फॉल्स सीलिंग नकोच. ते पैसे गच्चीवर घाला, का ते खालच्या उत्तरात वाचा.

प्रश्न : परभणीला राहतो. आमची बेडरूम पश्चिमेला, गच्चीच्या खाली. मे महिन्यात रात्री अकराला पण भिंत गरम लागते. जाड पडदे लावले, कूलर आणला, तरी चिकचिक होते. एसीच घ्यावा का?

उत्तर : घ्या, पण आधी दादा, ऊन घरात शिरूच देऊ नका. पडदा काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे ऊन काच ओलांडून आत येऊन बसलेलं असतं, मग पडदा फक्त उजेड अडवतो. बाहेरून छज्जा वाढवा, बांबूची चटई सोडा, नाहीतर उन्हाळ्यापुरती हिरवी नेट बांधा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती आग खाली सोडतो, जुन्या माळवदाच्या घरात छतावरच्या जाड मातीमुळं हे इतकं होत नव्हतं. गच्चीवर दर फाल्गुनात पांढरा चुना मारला तरी फरक कळतो, बजेट असेल तर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझेक करा, त्यानं गळती पण थांबते. कपड्यांचं कपाट त्या पश्चिमेच्या भिंतीलाच लावा, पलंग तिथून काढा.

आणि चिकचिकीचं कारण कूलर नाही, बंद खोली आहे. कूलरची पाठ बाहेरच्या हवेला पाहिजे आणि समोरची खिडकी थोडी उघडी, नाहीतर तीच ओली हवा आतल्या आत फिरत राहते. एसीचं तेवढं करा की आज घ्यायचा नसला तरी त्याची वेगळी वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट आत्ताच काढून ठेवा, रंग झाल्यावर भिंत फोडायला जिवावर येतं.

प्रश्न : लातूरला फ्लॅट आहे. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं पॅसेजमधे ड्रम, बाथरूममधे ड्रम, घर गोदामासारखं दिसतं. ड्रम लपवायचं काही सुंदर डिझाईन सांगा ना.

उत्तर : अहो, २०१६ ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात ड्रम लपवायला कशाला पाहिजे? त्याला जागा द्या. धुण्या-भांड्याच्या ड्राय बाल्कनीच्या एका कोपऱ्यात तोटीखाली बादली मावेल एवढा उंच कट्टा, त्यावर ड्रम, ड्रमला खाली तोटी, म्हणजे मग बुडवून काढायला नको आणि बादली सरळ तोटीखाली. फरशीला जाळीकडं उतार असू द्या. समोर हवेशीर जाळीची दारं केली की दिसायचा प्रश्न मिटला. झाकण घट्टच पाहिजे, डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. फक्त एक, बाथरूमच्या माळ्यावर टाकी बसवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ३०० लिटर म्हणजे ३०० किलो, टाकीचं वजन वेगळंच. इंजिनिअरला विचारल्याशिवाय प्लंबरचं ऐकू नका, तो म्हणणार "काही नाही होत ताई".

प्रश्न : औसा तालुक्यातलं गाव. पलंगाच्या डोक्याशी सात फुटी काचेचं शोकेस करायचंय, भांडी आणि ट्रॉफ्या ठेवायला. कसं राहील?

उत्तर : नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची पहाट औश्याच्या माणसाला मी काय सांगणार. शोकेस दुसऱ्या भिंतीला घ्या आणि तेच काय, घरातलं प्रत्येक उंच कपाट मागून अँगल लावून भिंतीला स्क्रूनं आवळून टाका, तासाभराचं काम आहे. पितळी हंडे सगळ्यात खालच्या कप्प्यात. पलंगाच्या डोक्याशी काही पाहिजेच असेल तर कमरेइतकी बुटकी फळी करा, चष्मा, पाण्याचा तांब्या आणि मोबाईलचं चार्जर एवढं तिथं बसतं.